आर-इन्ला: स्थानिक माहितीच्या बेजियन विश्लेषणाचे वेगवान साधन

शेजारच्या जिल्ह्यांतील आजाराचे प्रमाण बहुधा एकमेकांसारखे असते, आणि हे साम्य दुर्लक्षून साधे समाश्रयण (रिग्रेशन) चालवले तर निष्कर्ष वाजवीपेक्षा जास्त ठाम दिसतात. बेजियन पद्धतीत, म्हणजे आधीची समजूत आणि माहिती जोडून अंदाज काढणाऱ्या पद्धतीत, हे अवलंबित्व थेट प्रारूपातच मांडता येते, मात्र मार्कोव्ह साखळीवर आधारित नमुने घेताना गणन फार काळ चालते. हॉवर्ड रू, सारा मार्टिनो आणि निकोलस शोपँ यांनी २००९ मध्ये मांडलेली इन्ला पद्धत नमुने न घेता उत्तर-वितरणांचे (माहिती पाहिल्यानंतरच्या संभाव्यता-वितरणांचे) अचूक सन्निकटन करते. आर-इन्ला हे आर या संख्याशास्त्रीय संगणकभाषेतील तिचेच पॅकेज. ते मी नियमित वापरतो, आणि जिल्हावार आकडेवारीसाठी निःसंकोच सुचवतो.

त्याची खरी पारख स्कॉटलंडमधील ओठांच्या कर्करोगाच्या प्रसिद्ध माहितीवर होते. ५६ जिल्ह्यांच्या या संचात स्काय-लोकाल्श येथे अपेक्षित रुग्ण सुमारे १.४ आणि प्रत्यक्षात ९. म्हणजे जोखीम सहापटीहून अधिक दिसते, पण इतक्या लहान संख्येवर तेवढा विश्वास टाकणे धोक्याचे आहे. बीवायएम२ हा शेजारचा आणि निव्वळ यादृच्छिक असे दोन्ही परिणाम एकत्र धरणारा घटक वापरला की हा अंदाज शेजाऱ्यांच्या आणि एकंदर सरासरीच्या दिशेने सरकतो, शिवाय उरलेल्या विचरणापैकी किती भाग शेजारामुळे आणि किती निव्वळ यादृच्छिक, हे ० ते १ मधील एका प्राचलावरून वाचता येते. मूळ बीवायएम प्रारूपात हे दोन भाग एकमेकांपासून वेगळे काढणे कठीण जात असे, म्हणून ही सुधारणा मला सर्वांत मोलाची वाटते.

पूर्ववितरण, म्हणजे माहिती पाहण्याआधीची समजूत, ठरवण्याची रीतही समजण्याजोगी आहे: ‘प्रमाण विचलन १ पेक्षा जास्त असण्याची संभाव्यता ०.०१’ असे विधान थेट लिहिता येते, आणि ते विषयतज्ज्ञापुढे ठेवून तपासून घेता येते. येथे आयत्या मूल्यांवर विसंबणे मला मान्य नाही. शेजारांचा आलेखही (कोणता जिल्हा कोणाचा शेजारी, याची जोडणी) स्वतः तपासावा, कारण याच माहितीत ऑर्कनी, शेटलंड आणि वेस्टर्न आइल्स ही बेटे सीमा जुळण्याच्या निकषाने शेजाराविना उरतात, आणि त्यांना प्रारूपात कसे धरायचे हा निर्णय विश्लेषकाचाच असतो.

बिंदुरूप मोजमापांसाठी, उदाहरणार्थ पर्जन्यमापक केंद्रांसाठी, २०११ मध्ये मांडलेली एसपीडीई पद्धत (यादृच्छिक आंशिक विकलक समीकरणांवर आधारित) यात उपलब्ध आहे. नेहमीच्या दाट (जवळपास सर्व नोंदी भरलेल्या) सहप्रचरण मॅट्रिक्समध्ये बिंदू दुप्पट झाले की गणन आठपट होते; येथील त्रिकोणी जाळीच्या विरळ (बहुतेक नोंदी शून्य असलेल्या) मॅट्रिक्समध्ये ते सुमारे पावणेतीनपटच वाढते. जाळी मात्र अभ्यासक्षेत्राच्या बाहेरपर्यंत न्यावी लागते, नाहीतर कडेला विचरण फुगते.

उणिवाही आहेत. पॅकेज क्रॅनवर (आरच्या अधिकृत पॅकेज-भांडारात) नसल्याने वेगळ्या भांडारातून घ्यावे लागते, दस्तऐवज विखुरलेले आहेत आणि चुकांचे संदेश नवख्याला फारसे उलगडत नाहीत. त्याहून मोठी मर्यादा रचनेतच आहे: प्रारूपातील अदृश्य घटक गाउसीय असावे लागतात आणि त्यांचे नियंत्रण करणारी प्राचले मोजकीच हवीत. मिश्र वितरणे किंवा सर्वस्वी स्वतःची रचना हवी असेल, तर वेळ जास्त लागला तरी स्टॅन किंवा निंबल या नमुने घेणाऱ्या बेजियन साधनांकडे वळावे.