वारसाहक्काची इंग्रजी शिकवणारे फ्रेंच अ‍ॅप: आठ महिन्यांच्या वापरानंतर

वार्षिक वर्गणीचे नूतनीकरण सवलतीच्या मुदतीआधीच, मला न विचारता झाले आणि कार्डावरून ३९ युरो गेले, म्हणून हा अनुभव लिहिण्यास बसलो. एरवी आळसच केला असता. पुण्यात बसून फ्रेंच कागदपत्रांचा इंग्रजी अनुवाद करताना मृत्युपत्रे वारंवार हाती येतात, त्यामुळे फ्रेंच भाषकांसाठी केलेले हे शब्दकार्डांचे अ‍ॅप मी त्याचा अपेक्षित ग्राहक नसूनही रोज वापरले.

माझा सगळा राग एका कार्डावर आहे. ‘एग्झेक्युतर तेस्तामांतेर’ म्हणजे ‘एक्झिक्युटर’, एवढेच त्यावर छापले आहे. दोन्ही शब्द मृत्युपत्राच्या अंमलबजावणीसाठी त्यात नेमलेल्या व्यक्तीचे. इंग्लंडमध्ये मृताची मालमत्ता आधी एक्झिक्युटरकडे जाते. तो प्रोबेट (मृत्युपत्र खरे असल्याचा न्यायालयाचा दाखला) मिळवतो, देणी फेडतो आणि उरलेले वाटून देतो. फ्रान्समध्ये मात्र ती मृत्यूबरोबरच वारसांची होते, कागदोपत्री व्यवहार नोतेर (असे दस्तऐवज करणारा सरकारनियुक्त कायदेतज्ज्ञ) पाहतो, आणि मृत्युपत्रात नेमलेली व्यक्ती प्रामुख्याने मृताच्या इच्छेचे पालन होते की नाही यावर लक्ष ठेवते. हा फरक न सांगता दोन शब्द समोरासमोर ठेवणे म्हणजे अनुवादकाला खड्ड्यात ढकलणे होय. मी तीनदा कळवले; तिन्ही वेळा ‘सूचना नोंदवली आहे’ एवढेच उत्तर आले.

चौथ्या महिन्यात फसव्या शब्दांचा, म्हणजे दोन्ही भाषांत सारखे दिसणाऱ्या पण वेगळा अर्थ असणाऱ्या शब्दांचा, विभाग उघडला आणि मत काहीसे बदलावे लागले. मृत्युपत्रातील ‘इश्यू’ म्हणजे वंशज, पण फ्रेंच वाचकाला त्यात बाहेर पडण्याचा मार्ग दिसतो; ‘डिव्हाइज’ म्हणजे मृत्युपत्राने स्थावर मालमत्ता देणे, पण त्याला ते चलन वाटते. राखीव हिश्श्याचा धडाही नेटका आहे: एक अपत्य असल्यास निम्मी, दोन असल्यास दोन तृतीयांश आणि तीन किंवा अधिक असल्यास तीन चतुर्थांश मालमत्ता फ्रेंच कायदा अपत्यांसाठी राखून ठेवतो. (गोव्यातही वारसांसाठी असा हिस्सा राखीव असल्याने तेथील वाचकांना ही कल्पना समजावून सांगावी लागणार नाही.) इंग्लंडच्या १८३७ च्या मृत्युपत्र कायद्याला दोन साक्षीदार लागतात, तर संपूर्ण स्वहस्ते लिहिलेले, तारीख व सही असलेले फ्रेंच मृत्युपत्र साक्षीदारांविना चालते, हेही तेथे उदाहरणासह दिले आहे.

पैसे परत मागितले, तेव्हा परताव्याची मुदत दोन दिवसांपूर्वीच संपल्याचे कळले. आता पैसे वसूल होईपर्यंत अ‍ॅप वापरणे भाग आहे. एक्झिक्युटरचे कार्ड तेवढे काढून त्या जागी मी सहा ओळींचे स्वतःचे कार्ड घातले आहे.