चार दिवसांत घोडीचं लंगडणं थांबवणारी पावडर: 1,42,700 रुपये गेले, तुम्ही तरी वाचा

पुण्याच्या आसपास हडपसर, वाघोली, पिरंगुटकडे दोन-चार घोडी ठेवून रायडिंगचे क्लास आणि वरातीची कामं करणाऱ्यांसाठी हे लिहितोय. सांध्याची पावडर विकणारा कोणी तबेल्यात आला तर त्याला फाटकाबाहेरच उभा करा. माझे 1,42,700 रुपये गेले. घोडीच्या पायाचं जे झालं त्याचा हिशोब वेगळाच.

तुळशीचं लग्न लागलं की आमचा सीझन. रोज संध्याकाळी डांबरावर तास-दोन तास उभं राहायचं, नाचायचं, परत टेम्पोतून यायचं. चांदणी ही माझी काठेवाडी घोडी, सारंगखेड्याच्या बाजारातून आणलेली, आता अकरा वर्षांची. तिचा पुढचा उजवा पाय सकाळी जरा आखडायचा, थोडं चाललं की मोकळा व्हायचा. सांधेदुखी अशीच सुरू होते हे मला पक्कं माहीत आहे. ती वाढू नये म्हणूनच मी काहीतरी शोधत होतो. जनावराची काळजी करणं हा काही गुन्हा नाही.

तो माणूस ओळखीच्या ग्रुपवरून आला. ‘रेसकोर्सच्या घोड्यांना हीच देतात’ म्हणाला. पुण्यात घोडेवाल्यासमोर रेसकोर्सचं नाव घेतलं की माणूस निम्मा गार होतो. पहिला डबा फुकट दिला. पुढे काय होतं ते तुम्हाला ठाऊक आहेच. चार दिवसांत चांदणी दुडकीला अशी निघाली की घोड्यांची देखभाल करणारा मोतद्दार धावत सांगायला आला, ‘मालक, घोडी मोकळी झाली!’ मी तिन्ही घोड्यांसाठी 8,500 प्रमाणे तीन बादल्या घेतल्या, 25,500 रुपये. मग वर्षभराचं पॅकेज, आगाऊ 1,14,000. वर ‘इम्पोर्टचा खर्च’ म्हणून 3,200. सगळं यूपीआयने, आणि खातं कंपनीच्या नावाचं नाही, कुठल्याशा बाईच्या नावाचं. विचारलं तर म्हणाला, ‘आमच्या अकाउंटंट मॅडम आहेत.’

पण खरा संताप होतो तो लेबलवरून. बादली माझ्या हातात होती. लिहिलं होतं, एक चमचा 15 ग्रॅम. त्याखाली त्या एका चमच्यात सांध्यांसाठी म्हणून काय काय आहे: ग्लुकोसामाइन 10,000 मिलिग्रॅम, एमएसएम 5,000 मिलिग्रॅम, कॉन्ड्रॉइटिन 1,200 मिलिग्रॅम. दहा आणि पाच पंधरा, तिथेच चमचा भरला! मग कॉन्ड्रॉइटिन कुठे बसवलं? आणि खाली आणखी व्हिटॅमिन, मँगनीज, जवसाची पूड. पंधरा ग्रॅमच्या चमच्यात पंधरा ग्रॅमपेक्षा जास्त माल! बॅच नंबरचा स्टिकरही दुसऱ्या स्टिकरवर चिकटवलेला, खालची कड दिसत होती. नखाने उचकटला असता तर निघाला असता. मी अंगठा त्यावरून फिरवला आणि झाकण उघडून चंदीत पावडर टाकली. समोर घोडी लंगडायची थांबलेली असताना कोण बेरजा करत बसतो? तुम्ही बसला असता? आता मात्र बसा. ग्रॅम-मिलिग्रॅम लिहून बेरीज करा आणि चमचा स्वयंपाकघरातल्या काट्यावर ठेवून बघा.

पॅकेजचे पैसे गेल्यावर आलेल्या बादल्यांनी काडीचा फरक पडला नाही. चांदणी पुन्हा लंगडू लागली, आधीपेक्षा जास्त. त्यात तिने दाणा सोडला. डॉक्टरांनी तपासणी आणि एक्स-रेचे 11,400 घेतले आणि खुरावरच्या सांध्यात हाडाची कड वाढलेली दाखवली. म्हणाले, ग्लुकोसामाइनने चार दिवसांत घोडी मोकळी होतच नाही. तोंडावाटे दिलेलं अंगी फार थोडं लागतं, आणि कूर्चेला, म्हणजे सांध्यात हाडांच्या टोकांवर असते त्या गुळगुळीत गादीला, रक्तवाहिन्या नसल्यामुळे ती झिजली की पहिल्यासारखी भरून येत नाही. अशा पावडरी संधिवात येऊच देत नाहीत, याला भक्कम पुरावा नाही. मग पहिल्या डब्याने कशी सुधारली? त्यांचा संशय वेदनाशामकाचा, बहुतेक फिनाइलब्युटाझोन. जास्त दिवस पोटात गेलं तर ते जठरात अल्सर करतं, मूत्रपिंडालाही इजा करतं. आणि रेसकोर्सचं नाव सांगत होता ना तो? शर्यतीच्या घोड्यात हेच औषध सापडलं तर घोडा बाद होतो! दुखणं झाकलं गेलं आणि मी त्याच पायावर तिला वराती करायला लावल्या. फुकटचा डबा कोणी दिला तर त्यातली मूठभर पावडर बाजूला ठेवा. मी डबा धुऊन टाकला होता.

नंतरच्या बादलीतली पावडर पेल्यात पाण्यात ढवळली तर पांढरा गाळ तळाला बसला. त्यावर लिंबू पिळलं, फसफसलं. चुनखडी! ग्लुकोसामाइन आणि एमएसएम पाण्यात विरघळतात.

आता तक्रारीचं ऐका. चौकीत साहेब म्हणाले, ‘घोड्याची पावडर? पैसे तुम्हीच पाठवलेत ना?’ मग म्हणे ऑनलाइन पैसे गेलेत, सायबरकडे जा. सायबरवाले म्हणाले, माल तर मिळालाय, हा व्यवहाराचा वाद आहे. औषधांच्या कार्यालयात गेलो, तिथे बादलीवरचं ‘पूरक पशुखाद्य’ बोट ठेवून दाखवलं: हे औषध नाही, आमच्याकडे येत नाही. औषध मिसळलंय असा संशय आहे म्हणून तर आलोय ना! त्यावर म्हणतात, रिपोर्ट आणा. रिपोर्टसाठी सरकारी लॅबला विचारलं तर खासगी माणसाचा नमुना घेत नाही. जनावरांच्या दवाखान्यात गाई-म्हशींची रांग, त्यांनी हात जोडले. बँक म्हणते पिन तुम्हीच टाकलात. माणसाच्या गोळीत हे सापडलं असतं तर धाड पडली असती. घोडा मुका, म्हणून त्याच्या पोटात काय जातंय ते बघायला एकही टेबल नाही का या शहरात? प्रत्येक जण दुसऱ्या दाराकडे बोट दाखवतो आणि तोवर तो भामटा नंबर बदलून मोकळा!

पैसे गेल्या-गेल्या 1930 या सायबर फसवणुकीच्या हेल्पलाइनवर फोन करा, उशीर झाला की खातं रिकामं झालेलं असतं. चौकीत तोंडी बोलू नका, लेखी अर्ज द्या आणि पोच घ्या. फसवणुकीला भारतीय न्याय संहितेचं कलम 318 आहे, ते अर्जात लिहा. ‘धंद्यासाठी घेतलंत, तुम्ही ग्राहक नाही’ असं कोणी म्हटलं तर स्वयंरोजगाराने पोट भरणाऱ्याला कायद्यात सूट आहे हे सांगा. जिल्हा ग्राहक आयोगात 5 लाखांपर्यंतच्या व्यवहाराला शुल्क नाही, मुदत 2 वर्षं.

आणि पाय जपायचा तर आधी नालबंदाला बोलवा. आमचे चाचा कधीपासून सांगत होते, ‘खुराचं पुढचं टोक लांब झालंय, टाच बसलीय, सगळा भार सांध्यावर येतोय.’ त्यांचे पैसे त्या बादलीच्या पासंगालाही पुरत नाहीत. सहा ते आठ आठवड्यांनी खूर साधून घ्या, वजन वाढू देऊ नका, कामाआधी दहा-पंधरा मिनिटं चालवा, डांबरावर कमी नाचवा. लंगडली तर पावडर नाही, आधी डॉक्टर.

चांदणीच्या वराती बंद केल्यात. मऊ मातीत सकाळ-संध्याकाळ नुसती चालवतो. उरलेल्या बादल्या सीलसकट ठेवल्यात आणि ग्राहक आयोगाचा अर्ज तयार आहे. पुण्यात आणखी कोणाला हीच पांढरी बादली, निळं झाकण, स्टिकरवर स्टिकर असा माल मिळाला असेल तर फेकू नका. पैसे पाठवल्याचे स्क्रीनशॉट घेऊन मला कळवा, अर्जात तुमचीही नावं घालू.