वेंगुर्ल्यातली ‘मंडळीची रचना आणि घटनादुरुस्ती’ कार्यशाळा: जाऊन आल्यावर

मी आमच्या मंडळीच्या, म्हणजे गावातल्या चर्चच्या सभासदांच्या, कमिटीची सचिव. मे महिन्यात मालवणहून एसटीने वेंगुर्ल्याला गेले आणि मंडळीचा कारभार आणि तिची घटना, म्हणजे नियमावली, यांवरची ही दोन दिवसांची कार्यशाळा केली. राहणं-जेवण धरून माणशी ८०० रुपये.

पहिल्या दिवशीच पैसे वसूल झाले. शिकवणारे सर एक फुटकं मंगलोरी कौल घेऊन आले, टेबलावर ठेवलं आणि म्हणाले, "पाऊस तोंडावर आलाय. हे बदलायचं कुणी ठरवायचं?" मग आमच्यातल्याच एकेकाला उभं केलं: पाळक (मंडळीचे धर्मगुरू), वडील (मंडळीचे ज्येष्ठ कारभारी), खजिनदार, डायोसिसचे (बिशपच्या हाताखालच्या विभागाचे) सचिव, मालमत्तेचे विश्वस्त. अर्ज म्हणून सुतळीचा गुंडा हातोहात पुढे जात राहिला. सातव्या माणसापाशी सुतळी संपली, आणि मंजुरी अजून परत यायचीच होती. खोलीत कुणी बोलेना. आम्ही दोन पावसाळे बादल्या मांडून उपासना केली आहे, माझ्या तर घशाशी आलं.

पुढचं सगळं त्या कौलावरूनच समजत गेलं. निर्णय बिशपच्या हाती, वडिलांच्या सभेच्या हाती की मंडळीच्या हाती, या तीन जुन्या रीती. १८२३ साली बाणकोटला काम सुरू करणाऱ्या स्कॉटिश मिशनऱ्यांपासून कोकणाला मिशनचा इतिहास आहे, पण कारभाराची रीत प्रत्येक मिशनने आपापली आणली. २९ नोव्हेंबर १९७० ला नागपुरात सहा चर्च एक होऊन चर्च ऑफ नॉर्थ इंडिया झालं, तेव्हा या तिन्ही रीती एकाच घटनेत बसवल्या गेल्या. युनायटेड चर्च ऑफ कॅनडाने तर १ जानेवारी २०१९ पासून चार पातळ्यांच्या तीनच ठेवल्या, मधल्या दोन काढून १६ प्रादेशिक मंडळं केली. हे मी वहीत दोनदा लिहून घेतलं. पातळी कमी करता येते, हे मला तोवर कुणी सांगितलंच नव्हतं.

दुसरा दिवस मात्र घाईचा. कागद सगळे इंग्रजीत. देवगडचे दोन वयस्क वडील ते नुसते हातात धरून बसले होते, शेवटी मीच शेजारी बसून मराठीत सांगत गेले. ट्रस्टचा कायदा जेवणानंतरच्या चाळीस मिनिटांत उरकला, आणि गरज त्याचीच सगळ्यात जास्त होती. विश्वस्त बदलला की ९० दिवसांत धर्मादाय कार्यालयात चेंज रिपोर्ट, म्हणजे बदल कळवणारा अर्ज, द्यायचा असतो. आमच्या नोंदीत अजून एका वारलेल्या काकांचं नाव आहे. ट्रस्टची जमीन विकायची तर धर्मादाय आयुक्तांची परवानगी आधी लागते, हेही जाता जाता कळलं. यावर निदान अर्धा दिवस हवा.

आणखी एक गोष्ट. एकोणीस जणांत आम्ही चार बायका, पण सुतळीच्या साखळीत आमच्यातली एकही नव्हती. मी उठून विचारलं, तेव्हा सरांनी लगेच चूक मान्य केली आणि दुपारी मला खजिनदार केलं. हा मोकळेपणा मला आवडला.

जेवण उत्तम, बांगड्याचं तिखलं आणि सोलकढी. खोल्या स्वच्छ, पंखे जुने.

जायचं तर पाळक, खजिनदार आणि कमिटीतली एक बाई असे तिघं जा. मी एकटी गेले. परत आल्यावर किरकोळ दुरुस्ती गावातच ठरावी असा ठराव मांडला, तर कुणाच्या गळी उतरेना. पुढच्या सभेला मी दुकानातून सुतळीचा गुंडा घेऊन गेले.