डेबियन, फेडोरा की आर्च: पॅकेज आत घ्यायचं कोण ठरवतं?

कुठलं लिनक्स टाकू, असं विचारणारे बहुतेक जण आधी डेस्कटॉप कसा दिसतो ते बघतात. पण ग्नोम आणि केडीई हे दोन प्रसिद्ध डेस्कटॉप डेबियन, फेडोरा आणि आर्च या तिन्ही लिनक्सवर चालतात. मी आधी हे बघतो की पॅकेज, म्हणजे टाकायला तयार करून ठेवलेलं सॉफ्टवेअर, आत कोण घेतं, काय तपासून घेतं आणि पुढे त्याचा सांभाळ कोण करतं.

डेबियन यात सगळ्यात कडक. मुक्त सॉफ्टवेअर कशाला म्हणायचं, याचे निकष त्यांनी 1997 मध्येच आपल्या सामाजिक करारात लिहून ठेवले. नवीन पॅकेज आणायचं तर आधी तसं जाहीर करायचं. मग ते ‘न्यू’ नावाच्या रांगेत जातं. तिथे स्वयंसेवक लायसन्स तपासतात, तेही फाइलगणिक. प्रोग्राम जीपीएल या मुक्त लायसन्सचा असला, पण आत एखादा फॉन्ट कुणाच्या परवानगीशिवाय पडलेला सापडला, की अख्खं पॅकेज परत. बनवणाऱ्याला याचा वैताग येतो. पण शाळेच्या लॅबमधल्या चाळीस मशीनवर डेबियनच्या ‘मेन’ या मुख्य विभागातलं काहीही टाकताना लायसन्सची चिंता करावी लागत नाही, ती याच वैतागामुळे. या कडकपणाचा त्रास आपणही सोसला आहे. वायफायचं फर्मवेअर (हार्डवेअर चालवणारा छोटा प्रोग्राम) मुक्त नाही म्हणून ते अधिकृत इन्स्टॉलरमध्ये नसायचं. 2022 मध्ये सदस्यांनी मतदान करून हे बदललं आणि 2023 च्या डेबियन 12 पासून ते सोबत येऊ लागलं.

फेडोरात नव्या पॅकेजची तपासणी दुसरा पॅकेजर करतो, आणि पॅकेजर स्वतःच नवखा असेल तर त्याला आधी कुणीतरी अनुभवी प्रायोजक मिळावा लागतो. पेटंटच्या कायद्यामुळे काही कोडेक, म्हणजे व्हिडिओ चालवायला लागणारे भाग, मुख्य रेपोत (पॅकेजांच्या साठ्यात) घेत नाहीत, ते आरपीएम फ्यूजन या वेगळ्या रेपोतून आणावे लागतात. दर सहा महिन्यांनी नवी आवृत्ती येते आणि प्रत्येक आवृत्तीला साधारण 13 महिने अपडेट मिळतात. मराठीसाठी लागणारा लोहित देवनागरी फॉन्ट डेबियन आणि फेडोरा, दोन्हींच्या मुख्य रेपोत आहे.

आर्चचे अधिकृत रेपो त्या मानाने आटोपशीर. बाकी सगळं एयूआर या वापरकर्त्यांनीच भरलेल्या साठ्यात. तिथे खातं उघडणारा कुणीही पॅकेज बनवायची कृती टाकू शकतो. एखाद्या पॅकेजला 10 मतं मिळाली किंवा ते 1 टक्का लोक वापरत असले, तर आर्चचे मेंटेनर (पॅकेजं सांभाळणारे) ते अधिकृत रेपोत घेण्याचा विचार करू शकतात. तोवर तपासणारे तुम्हीच. जुलै 2025 मध्ये फायरफॉक्स आणि लिब्रेवुल्फ या ब्राउझरांच्या नावांशी मिळतीजुळती काही पॅकेजं एयूआरवर आली. त्यांच्या पीकेजीबिल्ड फाइलमध्ये, म्हणजे त्या कृतीत, सोर्सच्या यादीत ‘पॅचेस’ नावाची एक नोंद होती आणि तिचा पत्ता मूळ प्रकल्पाचा नव्हता. तिथूनच मशीनचा ताबा घेणारा मालवेअर उतरायचा. दोनेक दिवसांत पॅकेजं काढली गेली, पण ज्यांनी मधल्या काळात टाकली त्यांचं काय? म्हणून मी सोर्समधला प्रत्येक पत्ता वाचतो आणि सोबत इन्स्टॉल स्क्रिप्ट असेल तर तीही उघडतो, कारण ती रूटच्या, म्हणजे मशीनवरच्या सर्वोच्च, अधिकाराने चालते.

पण दारावरच्या तपासणीने सगळंच अडतं असंही नाही. मार्च 2024 मध्ये फाइली दाबून लहान करणाऱ्या एक्सझेड या प्रोग्राममध्ये लपवलेला चोरदरवाजा उघडकीस आला, तेव्हा ती आवृत्ती डेबियन टेस्टिंग (पुढच्या आवृत्तीची तयारी), फेडोरा 40 ची चाचणी आवृत्ती आणि आर्च, तिन्हींकडे पोचलेली होती. डेबियन स्टेबलमध्ये, म्हणजे पक्क्या आवृत्तीत, मात्र ती शिरलीच नव्हती, कारण तिथे नवी आवृत्ती साधारण दोन वर्षांनी येते आणि मधल्या काळात फक्त दुरुस्त्या होतात. एरवी जुनाट वाटणाऱ्या या सवयीनेच तेव्हा स्टेबलवाल्यांना वाचवलं.

दुकानाचं मशीन, शाळेची लॅब, घरच्यांचा लॅपटॉप, म्हणजे जिथे बिघडलं तर धावत तुम्हालाच जायचं आहे, तिथे डेबियन स्टेबल. कामाला ताजे कंपायलर आणि लायब्रऱ्या लागत असतील तर फेडोरा. आर्च उत्तम आहे, पण एयूआरमधलं प्रत्येक अपडेट टाकण्याआधी त्यात काय बदललं ते वाचणार असाल, तरच.

तरीही ठरत नसेल, तर रोज लागणारी दहा सॉफ्टवेअर कागदावर लिहा आणि डेबियनच्या ‘मेन’मध्ये शोधा. दहापैकी नऊ तिथेच सापडली, तर उरलेल्या एकासाठी अख्खी सिस्टिम बदलू नका. ते एक फ्लॅटपॅकमधून (कुठल्याही लिनक्सवर चालणारं पॅकेज) घ्या.