पहिला स्मार्टफोन आणि ‘कटणारे’ पैसे: बर्डीवरील एका दुकानाची सेवा

नागपूरच्या सीताबर्डीच्या मुख्य रस्त्याला लागून असलेल्या ‘मोदी’ नावाच्या गल्ल्यांत मोबाइलची इतकी दुकाने आहेत की फोन कोठून घ्यावा हा प्रश्न बहुधा किमतीवरच सुटतो. माझ्या आत्याबाईंसाठी मात्र आम्ही दुकान निवडले ते निराळ्या कारणाने. जिल्हा परिषदेच्या शाळेतून निवृत्त झालेल्या आत्याबाई काटोलला एकट्या राहतात. आजवर त्यांनी बटनांचाच फोन वापरला, आणि स्मार्टफोनला त्यांचा नकार होता तो एकाच भीतीपोटी: नेट आपोआप चालू राहते आणि पैसे कटतात. ही भीती निराधार नव्हती, कारण न मागता सुरू झालेल्या कॉलर ट्यूनपायी त्यांच्या जुन्या फोनवरील शिल्लक एकदा गेलेली होती. फोन विकून मोकळे न होता तो पहिल्यांदाच वापरणाऱ्या माणसाला नीट लावून आणि समजावून देणारे एक दुकान येथे आहे असे कळले, म्हणून आम्ही तेथे गेलो.

या दुकानाची सर्वांत मोलाची गोष्ट म्हणजे तेथील तरुणाने सेटिंगला हात लावण्याआधी केलेला खुलासा. “काकू, नेट संपणं वेगळं आणि पैसे कटणं वेगळं,” असे सांगून त्याने पॅकचे गणित मांडले. प्रीपेडच्या बहुतेक पॅकमध्ये रोज दीड किंवा दोन जीबी डेटा मिळतो. तो संपला की वेग ६४ केबीपीएसपर्यंत उतरतो, व्हिडिओ अडकतात, परंतु त्यासाठी वेगळे पैसे जात नाहीत, आणि मध्यरात्रीनंतर नवा डेटा सुरू होतो. पैसे जातात ते दुसऱ्या वाटांनी: डेटा नसलेल्या पॅकवर नेट सुरू राहून टॉकटाइमच्या शिलकीतून, नकळत सुरू झालेल्या कॉलर ट्यूनसारख्या सेवांतून, मोबाइल कंपनीच्या खात्यावर होणाऱ्या प्ले स्टोअरच्या खरेदीतून, आणि नेट मंदावले म्हणून घाबरून मारलेल्या जादा डेटाच्या रिचार्जमधून. माझ्या मते या शेवटच्या वाटेनेच घरोघरी अधिक पैसे जातात, आणि तिची जबाबदारी कोणाच्याच माथी येत नसल्याने ती बंदही होत नाही.

त्यानंतरचे काम त्याने स्वतः न करता आत्याबाईंच्या हातून करून घेतले, हे मला विशेष आवडले. वरून बोट ओढून मोबाइल डेटाचे बटण बंद-चालू करणे त्यांच्याकडून पुनःपुन्हा करवून घेतले. प्ले स्टोअरमध्ये अ‍ॅपचे अपडेट केवळ वायफायवर होईल असे ठेवले. व्हॉट्सअ‍ॅपच्या ‘स्टोरेज आणि डेटा’ विभागात मोबाइल डेटावर फोटो, ध्वनी आणि व्हिडिओ आपोआप उतरणे बंद केले. यूट्यूबला मोबाइल नेटवर्कवर कमी दर्जाचे चित्र दाखवायला लावले, आणि फोटोंचा बॅकअपही वायफायपुरता ठेवला. फोनचा डेटा सेव्हर सुरू केला, म्हणजे समोर उघडे नसलेले अ‍ॅप मागच्या मागे मोबाइल डेटा वापरणार नाही. त्यातून केवळ व्हॉट्सअ‍ॅपला सूट दिली, कारण नागपुरात असलेल्या नातवंडांचे संदेश उशिरा पोहोचले असते तर आत्याबाईंचा फोनवरील विश्वासच उडाला असता. ही एक सूट द्यावी हे सुचायला ग्राहक समजून घ्यावा लागतो.

शेवटी त्याने एका चिठ्ठीवर दोन क्रमांक लिहून दिले. पहिला १९२५: मोबाइल डेटाची सेवा कंपनीकडूनच सुरू किंवा बंद करून घेण्यासाठीचा विनाशुल्क क्रमांक. ग्राहकाच्या स्पष्ट संमतीशिवाय डेटा सुरू करू नये असा नियम ट्रायने, म्हणजे दूरसंचार नियामक प्राधिकरणाने, २०१५ मध्ये केला, त्यातून ही सोय आली. दुसरा १५५२२३: न मागितलेली सशुल्क सेवा थांबवण्यासाठीचा. अशा सेवेला ग्राहकाची दुसऱ्यांदा संमती घेतल्याशिवाय पैसे आकारू नयेत, असा ट्रायचा आदेश २०१३ पासून आहे. तथापि पडद्यावर अचानक उगवणाऱ्या चौकटीत घाईने ‘ओके’ दाबले गेले की तीच संमती ठरू शकते. म्हणून अनोळखी चौकट आली की ‘कॅन्सल’ दाबायचे, हे त्याने चिठ्ठीच्या डोक्यावरच लिहिले.

दुकानाच्या प्रामाणिकपणाबद्दल आणखी एक नोंद करायला हवी. ट्रायने डिसेंबर २०२४ मध्ये केलेल्या दुरुस्तीनंतर कंपन्यांना केवळ कॉल आणि एसएमएस असलेले पॅकही द्यावे लागतात. घरी वायफाय असेल आणि बाहेर नेट लागत नसेल, तर असा पॅक पुरेसा आहे, हे त्याने न विचारता सांगितले. आत्याबाईंच्या घरी वायफाय नसल्यामुळे आम्ही रोज दीड जीबीचा पॅक घेतला. ज्यांना कॉलचा पॅक सोयीचा वाटेल त्यांनी मोबाइल डेटाचे बटण कायम बंद ठेवावे आणि टॉकटाइममधून डेटाचे पैसे कोणत्या दराने जातील ते पॅकच्या अटींत पाहून घ्यावे.

आता उणिवा. अँड्रॉइडमध्ये डेटाची मर्यादा घालता येते आणि ती गाठताच फोन स्वतः मोबाइल डेटा तोडतो. दुकानात ही मर्यादा दीड जीबीवर ठेवली गेली. परंतु आत्याबाईंच्या फोनमधील मोजणी महिन्याची होती आणि पॅक दिवसाचा. परिणामी घरी गेल्यावर थोड्याच काळात नेट पूर्ण बंद झाले आणि पॅक संपला असे वाटून आत्याबाई रिचार्ज करायला निघाल्या होत्या. रोजच्या डेटाच्या पॅकवर ही मर्यादा घालूच नये. तेथे केवळ सूचना देणारी पातळी ठेवावी आणि निम्मा, नव्वद टक्के डेटा वापरल्याचे कंपनीचे संदेश वाचावेत. दुसरी उणीव अधिक गंभीर आहे. प्ले स्टोअरमधील खरेदीसाठी पासवर्ड किंवा बोटाचा ठसा मागण्याची सोय तपासलीच गेली नाही. सुटीत नातवंडे त्याच फोनवर खेळणार असतील तर ही तपासणी सर्वांत आधी व्हायला हवी. हे मी दुकानात जाऊन सांगितले, तेव्हा त्यांनी वाद न घालता दोन्ही गोष्टी नीट करून दिल्या.

वायफायविषयीही अर्धेच सांगितले जाते. शेजारच्या मुलाने हॉटस्पॉट दिला, म्हणजे आपल्या फोनचे नेट वाटून दिले, की आत्याबाईंच्या फोनच्या लेखी ते वायफायच; मग वायफायसाठी राखून ठेवलेले अपडेट आणि व्हिडिओ त्या मुलाच्या पॅकमधून उतरू लागतात. त्या जोडणीच्या सेटिंगमध्ये ती मोजून वापरण्याची (‘मीटर्ड’) आहे असे नोंदवले तर यातील बरेचसे थांबते, पण पहिला स्मार्टफोन घेणाऱ्याला हे कोणीतरी दाखवल्याशिवाय सापडणार नाही.

ही सेवा फोन तेथूनच घेतला तर विनामूल्य आहे. संध्याकाळी आणि रविवारी गर्दीत त्या तरुणाला इतका वेळ देता येत नाही, म्हणून आठवड्याच्या मधल्या दिवशी सकाळी जावे. प्रीपेड फोन घेणाऱ्या ज्येष्ठांना मी हे दुकान निःसंकोच सुचवीन. पोस्टपेडवाल्यांसाठी मात्र येथे फारसे मार्गदर्शन नाही: मर्यादेपलीकडच्या डेटाचा दर काय आणि बिलाला कमाल मर्यादा घालून मिळते का, हे त्यांनी कंपनीच्या स्वतःच्या केंद्रात लेखी विचारून घ्यावे, आणि परदेशी जाण्यापूर्वी डेटा रोमिंग बंद असल्याची खात्री तेथेच करून घ्यावी.