रत्नागिरीत लव्हेंडर जगतं का? तेरा महिन्यांनंतर सांगते

गेल्या वर्षी ऑक्टोबरात दोन रोपं आणलेली, त्यातलं एक गेलं आणि एक मस्त आहे. आपल्या हवेत हे होतं का असं बरेच जण विचारतात म्हणून जरा सविस्तर लिहितेय.

आधी बियांचं पाकीट आणून बघितलेलं, एकही बी रुजलं नाही. नंतर कळलं की रुजायच्या आधी त्यांना काही आठवडे गारवा लागतो, लोक ओल्या टिश्यूत गुंडाळून फ्रीजमध्ये ठेवतात. मग सरळ नर्सरीतून रोपं घेतली, १८० ला एक. दोन्हींवर नुसतं 'लव्हेंडर' लिहिलेलं, पण पानं नीट बघा. एकाची पानं सरळ, अरुंद, राखाडी होती, ते इंग्लिश. दुसऱ्याच्या पानाच्या कडेला करवतीसारखे बारीक दाते, ते फ्रेंच, डेंटाटा म्हणतात ते. आपल्याकडे सगळं ह्या फरकावरच आहे हो. इंग्लिशला चांगलं फुलायला खरी थंडी लागते, जम्मूकडे भद्रवाहला त्याची शेती होते ते गाव दीड हजार मीटरच्या वर आहे आणि तिथे बर्फ पडतं, आमच्या सड्यावर (जांभ्याच्या माळावर) डिसेंबरात पातळ गोधडी पुरते. माझ्या इंग्लिशला एक तुरा आला नाही. डेंटाटा मात्र जानेवारीपासून पार मेपर्यंत फुलत होतं, सकाळी नऊच्या सुमारास सातेरी मधमाश्या यायच्या त्या बघत मी चहा प्यायचे.

मातीचं सांगते. आपली जांभ्याची लाल माती आम्लधर्मी, आणि ह्या झाडाला चुनखडीची, पाणी न धरणारी जमीन लागते. मी दोन भाग नदीची जाड रेती, एक भाग लाल माती, मूठभर जुनं शेणखत घेतलं, आणि तिसऱ्यांच्या (आपण खातो त्या) शिंपल्या धुवून, वाळवून, कुटून त्यात मिसळल्या. समुद्रावरची पुळण अजिबात घालू नका, त्यात मीठ असतं. खतही जास्त नको, नुसती पानं वाढतात.

आता पावसाळा. उन्हाने हे झाड मरत नाही, मरतं ते पाण्याने, आणि आपल्याकडे वर्षाला ३००० मिलिमीटरच्या वर पाऊस. इंग्लिशची कुंडी प्लास्टिकची, पडवीच्या कडेला राहिलेली, जुलैत चार दिवस झड लागली आणि पागोळ्या सारख्या तिच्यात पडत राहिल्या. पाचव्या दिवशी खालची पानं काळी, बुंधा बोटाने दाबला तर मऊ. उपटून बघितलं तर मुळं तपकिरी झालेली, हात लावला की वरची साल सुटून आत दोऱ्यासारखं काहीतरी उरायचं, आणि कुजका वास. फार वाईट वाटलं, नऊ महिने जपलेलं झाड ते.

डेंटाटा वाचलं कारण ते मातीच्या कुंडीत, चिऱ्याच्या दोन तुकड्यांवर, पडवीत आत भिंतीला होतं. मेअखेर त्याची साधारण एक तृतीयांश छाटणी केलेली, म्हणजे मधून वारा खेळेल (फक्त हिरव्या भागात छाटा, जुन्या लाकडाला पुन्हा फूट येत नाही). जुलैत पाणी दिलं फक्त दोनदा. माझा हात तरी सारखा तांब्याकडे जायचा, तेव्हा सासूबाई म्हणाल्या, "अगो, ते काय अळू आहे रोज पाणी घालायला?" त्यांच्यामुळे वाचलं म्हणायचं.

वापराचं म्हणाल तर फेब्रुवारी-मार्चात अर्धी फुलं उमललेले तुरे दव सुकल्यावर कापले, माडीवर सावलीत उलटे टांगले, दहा दिवसांत कुरकुरीत. मलमलच्या पुरचुंड्या करून एक ट्रंकेत, एक कपाटात. सप्टेंबरात ट्रंक उघडली तर साड्यांना तो पावसाळी कुबट वास नव्हता, पण दर दोन-तीन आठवड्यांनी पुरचुंडी बोटांनी चुरावी लागते नाहीतर वास झोपतो. बुरशी यानं थांबत नाही, कपडे आधी कडक उन्हात घालायलाच हवेत. आणि डेंटाटाचा वास साबणातल्यासारखा गोड नसतो, कापराकडे झुकणारा, जरा तिखट. मला आवडला, नणंदेला नाही आवडला. टिकण्यात वाळलेली बकुळ अजून पुढेच आहे. कुंडी खिडकीत ठेवली म्हणून डास जात नाहीत, पान चुरगळल्याशिवाय वास बाहेरच पडत नाही. चहा-सरबतात घालायचं ते इंग्लिश, डेंटाटा घालू नका. घरात मांजर असेल तर लव्हेंडरचं तेल तिच्यापासून लांबच ठेवा, त्यांना ते बाधतं.

गेल्या महिन्यात फूल नसलेल्या कोवळ्या फांद्यांच्या बोटभर लांबीच्या सहा काड्या नुसत्या रेतीत लावल्या. दोन काळ्या पडल्या, चार तग धरून आहेत, आणि काल एकीच्या शेंड्याला दाते असलेलं इवलंसं नवं पान दिसलं.