सादळलेली सिगार आणि 62 टक्क्यांची पुडी

माझी सगळी नोकरी ओलावा मोजण्यात गेली. मुरगाव बंदरातून लोहखनिज जहाजावर चढायचं, तेव्हा त्यात पाणी किती आहे हे तपासणाऱ्या प्रयोगशाळेत मी होतो, 2012 साली गोव्यातल्या खाणी बंद पडल्या तोवर. नमुना तोलायचा, 105 अंशांच्या ओव्हनमध्ये सुकवायचा, पुन्हा तोलायचा. बारीक खनिजात पाणी मर्यादेबाहेर गेलं की बोटीच्या हेलकाव्यांनी अख्खा ढीग चिखलासारखा वाहू लागतो आणि बोट कलंडू शकते. म्हणून अर्ध्या टक्क्यासाठीसुद्धा आम्ही वाद घालायचो. ही सवय सुटलेली नाही, त्यामुळे पुढे सिगारच्या गोष्टीतही वजनांचे आकडे येतील.

माझा भाचा क्रूझ बोटीवर आहे. मे महिन्याच्या शेवटी तो सुट्टीवर आला आणि माझ्यासाठी डॉमिनिकन रिपब्लिकमधल्या वीस सिगारचा डबा घेऊन आला. सहा इंच लांब, 50 रिंग गेज, म्हणजे जाडी 50/64 इंच. मी वर्षाला दहाबारा सिगार ओढतो, त्याहून जास्त नाही. म्हणून एकही वाया गेलेली मला चालत नाही. भाच्याने बजावलं होतं, "मामा, सुकू देऊ नका हां." मी एका दुकानातून लाकडी ह्युमिडॉर, म्हणजे सिगार सुकू न देणारी पेटी, घेतला. दुकानदाराने सांगितल्याप्रमाणे आतला स्पंज डिस्टिल्ड वॉटरने भिजवला आणि सिगार आत ठेवल्या. तो सल्ला जिथली हवा कोरडी असते तिथला. मृग लागल्यावर फोंड्यात तो लागू पडत नाही, हे मला, इतकी वर्षं ओलावा मोजलेल्या माणसाला, तेव्हाच कळायला हवं होतं.

जूनच्या मध्यावर पहिली सिगार काढली. बोटांत दाबली तर जुन्या स्पंजसारखी दबली आणि दबलेलीच राहिली. पेटायला तीन काड्या लागल्या. झुरका घेताना गाल आत ओढले जात होते, धूर येत नव्हता. एका बाजूने जळत गेली, दहा मिनिटांत विझली, पुन्हा पेटवली, पुन्हा विझली. शेवटी वरचं पान उभं तडकलं आणि तोंडात कडवट, अमोनियासारखी चव राहिली. मी ती अर्धी टाकून दिली.

कारण साधं आहे. ओलं पान फुगतं, आतल्या वाटा बंद होतात. विस्तवाची उष्णता तंबाखू जाळण्याआधी पाण्याची वाफ करण्यात खर्च होते, म्हणून सिगार विझते. विझू नये म्हणून आपण भराभर झुरके घेतो, टोक जास्त तापतं आणि कडूपणा येतो. आतला भरणा वाफेने फुगतो, वरच्या पातळ पानाला तो ताण झेपत नाही. आपल्याकडे याला नेमका शब्द आहे, सादळणे. पापड सादळतो तशी सिगार सादळते. पण पापड पुन्हा तळता येतो.

घाई करू नका, एवढं मी कळकळीने सांगेन. मी घाई केली. बिस्किटांच्या डब्यात सिलिका जेल टाकून दोन सिगार रात्रभर ठेवल्या. सकाळी दोन्हींचं वरचं पान चिरलं होतं. वरचं पान आधी सुकून आकसतं, आतला भरणा मात्र तसाच फुगलेला असतो, मग ते फाटणारच. सिलिका जेल पाणी खेचत राहतं, कुठे थांबायचं ते त्याला कळत नाही. हवा होती ती ठरलेल्या ओलाव्यावर थांबणारी वस्तू.

ती वस्तू म्हणजे बोवेडा कंपनीची पुडी. चपटी, तपकिरी, तळहातापेक्षा थोडी मोठी, वर 62 असा आकडा छापलेला, म्हणजे 62 टक्के आर्द्रता. आत मिठाचं संपृक्त द्रावण आणि न विरघळलेलं मीठ, बाहेर वाफ जाऊ देणारा पण पाणी अडवणारा पापुद्रा. डब्यातली हवा 62 टक्क्यांहून दमट असेल तर पुडी वाफ शोषते, कोरडी असेल तर सोडते. हे नवल वाटायला नको. पावसात स्वयंपाकघरातल्या मिठाच्या बरणीला पाणी सुटतं ते याच नियमाने. शुद्ध मीठ साधारण 75 टक्के आर्द्रतेवर स्वतःच्या पाण्यात विरघळू लागतं, वेगवेगळ्या मिठांचा हा आकडा वेगवेगळा असतो. आगरवाड्याच्या मिठागरातलं जाडं मीठ तर त्याआधीच ओलं होतं, कारण त्यात मॅग्नेशियमचे क्षार असतात. बायको मे महिन्यात पुरुमेंताला, म्हणजे पावसाळ्याच्या साठवणीला, ते आणते आणि जून लागला की बरणीखाली ताटली ठेवते.

या 75 टक्क्यांचा मला आणखी एक उपयोग झाला. पुड्यांबरोबर हवेतली आर्द्रता मोजणारा एक छोटा डिजिटल हायग्रोमीटर मागवला होता. बाटलीच्या झाकणात टेबल सॉल्ट, त्यात पाण्याचे चार थेंब टाकून ओलसर लगदा केला, आणि ते झाकण नि मीटर हवाबंद डब्यात चोवीस तास ठेवले. मीटरने 75 दाखवायला हवं होतं, त्याने 79 दाखवलं. तेव्हापासून मी त्याच्या आकड्यातून चार वजा करतो. हे न करता कुठल्याही मीटरवर विसंबू नये.

पुड्या मी आधी त्या लाकडी ह्युमिडॉरमध्येच ठेवल्या, स्पंज काढून. बारा दिवसांत दोन्ही उशीसारख्या फुगल्या आणि मीटर खाली येईना. दोष पुड्यांचा नव्हता. झाकण नीट बसत नव्हतं, बंद करून फटीत कागद घातला तर तो सहज सरकत होता. साठ ग्रॅमच्या पुडीने अख्ख्या पावसाळ्याशी किती झगडावं? मग रबरी कड आणि चार बाजूंनी क्लिपा असलेला स्वयंपाकघरातला प्लॅस्टिकचा डबा घेतला. तो अगोदर धुऊन, दोन दिवस उघडा ठेवून वास घालवला, कारण त्यात सुकी सुंगटं, म्हणजे कोळंबी, होती. पंचवीस सिगारना साठ ग्रॅमची एक पुडी पुरते असा हिशेब सांगतात. माझ्याकडे उरल्या होत्या सतरा, पण काढायचं पाणी पुष्कळ होतं, म्हणून दोन नव्या पुड्या घातल्या.

आता आकडे. एका सिगारला दोरा बांधून ती नमुना म्हणून ठरवली आणि सोनाराच्या काट्यावर दर रविवारी तोलली. सुरुवातीला 14.9 ग्रॅम. पहिल्या आठवड्यानंतर 14.5, मग 14.3, मग 14.2, आणि चौथ्या रविवारीही 14.2. वजन थांबलं म्हणजे काम झालं. एकाही सिगारचं पान चिरलं नाही. पाऊण ग्रॅमचाही फरक नाही, पण बोटांत घेतल्यावर वस्तू वेगळी लागत होती. दाबली तर किंचित दबायची आणि परत वर यायची.

त्यावर शेवटचा हात फिरवायचा तो ओढण्याच्या आदल्या दिवशी. भाच्याने आणलेला सीडरच्या लाकडाचा डबा रिकामा होता. त्यात एकच सिगार ठेवायची, पुडी नाही, पाणी नाही, आणि डबा एसीच्या खोलीत कपाटावर ठेवायचा. एसी हवेतलं पाणी काढतो, आमच्या खोलीत रात्रभर चालल्यावर मीटर, चार वजा करून, 57 च्या आसपास असतो. मी तीस तास ठेवली. बारा तासांत फारसा फरक पडला नाही, दोन दिवस ठेवलेली दुसरी एक मला जास्तच तिखट आणि भरभर जळणारी वाटली. फ्रिजमध्ये मात्र ठेवू नये. थंड सिगार दमट हवेत काढली की तिच्यावर दव धरतं आणि सगळी मेहनत पाण्यात जाते.

गणेश चवथ आटोपून पाहुणे गेले, पावसाला उघडीप मिळाली, तेव्हा मी पडवीत बसलो. एका काडीत पेटली. झुरका मोकळा, धूर भरपूर. कड जवळजवळ सरळ जळत गेली, राख दीड इंच टिकून होती. भाजक्या काजूची आणि ओल्या लाकडाची चव, जी जूनमध्ये मला लागलीच नव्हती. सव्वा तासात एकदाही विझली नाही. मी अगदी शेवटापर्यंत ओढली, बोटांना चटका बसेपर्यंत.

पुड्या स्वस्त नाहीत. चार पुड्यांना आणि मीटरला मिळून मी तीन हजारांच्या वर दिले, आणि पार्सल फोंड्याला यायला आठ दिवस लागले. ज्याच्याकडे दोनच सिगार आहेत त्याने हा खटाटोप करू नये, सीडरचा डबा आणि एसीची खोली पुरे. पण दहाहून जास्त असतील आणि पावसाळा काढायचा असेल तर हवाबंद डबा आणि 62 ची पुडी घ्याच. लाकडी ह्युमिडॉर घेण्याआधी कागद घालून झाकण तपासा. फुगलेल्या दोन पुड्या मी टाकल्या नाहीत. नव्या असताना त्यांचं वजन वहीत लिहिलं होतं, त्या वजनावर येईपर्यंत एसीच्या खोलीत उघड्या ठेवल्या आणि आता त्या पुन्हा कामाला आहेत.

डब्यात अजून चौदा सिगार आहेत. दोरा बांधलेली आज सकाळी 14.2 भरली. भाचा डिसेंबरात येतो आहे, ती त्याच्यासाठी ठेवली आहे.